ताईच्या मापाचा उजेड

शाळेतल्या बाई परत आल्या आणि फोटोचं पाकीट माझ्या टेबलावर आपटून म्हणाल्या, "हा माझा चेहरा आहे? पिठाच्या डब्यात तोंड घातल्यासारखी दिसतेय मी!"

मी फोटो बाहेर काढला. बाईंचं काही चुकलं नव्हतं. कपाळ गेलं होतं, गाल गेले होते, नाकाची दोन भोकं तेवढी जागेवर होती. "बसा, दुरुस्त करून देते," मी म्हटलं. बाई बसल्या, पण बसता बसता म्हणाल्याच, "आधी तुमच्याकडे असं होत नव्हतं." मला रागच आला. खरं बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा.

मी स्टुडिओच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर बसते. डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसायची, उडालेली बट बसवायची, शर्टाची सुरकुती काढायची, हे माझं काम. स्टुडिओ भावजींचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा. ताई गेल्यापासून माझं काम वेगळंच झालं होतं. मी लोकांची नाकं परत बसवत होते. आणि ते सोपं नसतं. फोटोत अंधारात बुडालेला चेहरा ओढून वर काढता येतो. खरखरीत होतो, पण येतो. उजेडाने जळालेल्या जागी मात्र काही म्हणजे काही उरत नाही. तिथे मी जो गाल करते तो माझ्या मनचा गाल असतो. शाळेतल्या बाईंना मी माझ्या मनचे दोन गाल देऊन पाठवलं, आणि त्या खूश होऊन गेल्या. वर म्हणाल्या, "आता कशी मी दिसतेय!"

गल्लीतली मुलं भावजींना 'हनुवटी' म्हणतात. कारण समोर कुणीही बसलं की भावजी पहिला शब्द तोच काढतात. "हनुवटी खाली." मग, "अजून." मग बराच वेळ काही नाही. उंच, वाकलेला, अबोल माणूस. गिऱ्हाइकाला हसवायला दोन शब्द बोलावेत, तर तेही नाही. ताई म्हणायची, "यांच्यासमोर बसलं की माणसाला आपली सगळी पापं आठवतात, म्हणून फोटो गंभीर येतात."

पण फोटो चांगले यायचे. कॅमेरा तोच, भिंग तेच, दिवा आणि स्टूल यांच्यातलं अंतर तेच. जमिनीवर रंगाच्या खुणा होत्या. बदलायची ती फक्त फ्लॅशची पॉवर. दिव्याच्या पाठीला एक गोल बटण आहे. पूर्ण, अर्धी, पाव, त्याच्याही खाली. लोकांना वाटतं, जितका जास्त उजेड तितका फोटो झकास. भावजी म्हणायचे, पॉवर म्हणजे मीठ. कमी पडलं तर वरून घेता येतं, जास्त पडलं की खेळ खलास. त्यांच्या मुलीने त्यांना एकदा उजेड मोजायचं मीटर आणून दिलं होतं. ते त्यांनी खोक्यातून काढून पाहिलं, पुन्हा खोक्यात घातलं आणि म्हणाले, "चांगलं आहे. पण हे उजेड मोजतं. चेहरा कोण मोजणार?"

चेहरा मोजायला त्यांच्याकडे ताई होती. सकाळी दुकान उघडलं की ताई स्टुलावर. रिकामी कधी बसायची नाही. लसूण सोलायची, नाहीतर कुणाच्या तरी शर्टाला बटण लावायची. भावजी एक फ्लॅश मारायचे, कॅमेऱ्याला जोडलेल्या पडद्यावर बघायचे, पॉवर फिरवायचे, पुन्हा फ्लॅश. ताई पांढरीफटक. ताई काळीठिक्कर. ताई कुठेतरी मधे, पण अजून नाही. मग ते बटण शेवटचं, अगदी केसभर फिरवायचे आणि म्हणायचे, "झालं. ऊठ." आता बरोबरच येणार याची त्यांना इतकी खात्री असायची, की तो शेवटचा फ्लॅश ते ताईवर मारतच नसत. ती उठायची, आणि त्या उजेडात गिऱ्हाईक बसायचं. ताई सावळी होती. गिऱ्हाईक गोरं असेल तर तिच्या खुणेपासून बटण एवढं खाली, फारच काळं असेल तर एवढं वर. म्हातारं माणूस असेल तर आणखी वेगळं. सगळी मापं ताईपासून निघायची.

"माझा चेहरा जमेपर्यंत मला बसवतात," ती म्हणायची, "आणि जमला की दुसरीला!" आम्ही सगळे हसायचो. भावजीसुद्धा.

ताई गेली ती अशाच एका सकाळी, स्वयंपाकघरात, पातेलं हातात असताना. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली, डॉक्टर म्हणाले. घर माणसांनी भरलं. कुणीतरी म्हणालं, टेबलावर तिचा एखादा फोटो ठेवा. त्यात काय एवढं, म्हणून मी मागच्या खोलीत येऊन कॉम्प्युटर उघडला. ताईचे फोटो होते. वर्षानुवर्षांचे होते. मी बघत गेले, बघत गेले. प्रत्येक फोटोत ती एकतर जळालेली होती नाहीतर बुडालेली. जिथे ती बरोबर यायला हवी होती, तिथून पुढे अनोळखी लोक सुरू होत होते.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. शेवटी टेबलावर ठेवला तो तिच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून. कुठल्याशा कचेरीत, कुठल्याशा कारकुनाने घाईघाईत काढलेला. ताई त्यात पळून गेलेल्या गुन्हेगारासारखी दिसते. भावजी आले, बघितलं, म्हणाले, "ही कोण?" आणि फोटो पालथा घातला.

त्यानंतर ते रोज माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहायला लागले. "शोध, मेव्हणीबाई. एक तरी असेल." त्यांना दुसरं काही नको होतं. जेवण नको, झोप नको. तिचा एक बरोबर फोटो हवा होता. जो त्यांच्याच हातून कधी निघाला नव्हता तो.

मी बुडालेल्या फोटोंमधून तिला वर ओढायचा प्रयत्न केला. चेहरा यायचा, पण तो रेतीतून आल्यासारखा, आणि कुणा तिसऱ्याच बाईचा. "गाल असे नव्हते," भावजी म्हणायचे. मी वैतागून म्हटलं, "मग कसे होते ते सांगा, तसे करते." ते बोलायला गेले आणि थांबले. इतकी वर्षं रोज त्या गालांकडे बघून उजेड लावला, आणि गाल कसे होते ते त्यांना सांगता येईना. खरं सांगायचं तर मलाही आलं नसतं. त्या दिवसापासून ते माझ्या मागे उभे राहायचे बंद झाले.

काही आठवड्यांनी त्यांनी स्टुडिओ उघडला. मला बरं वाटलं. माणूस कामाला लागला की सावरतो असं म्हणतात. सकाळी मी मागच्या खोलीत बसले होते आणि मधल्या काळ्या कापडी पडद्यापलीकडून फ्लॅशचा ओळखीचा आवाज आला. फट्. मग दिवा पुन्हा भरताना करतो ती बारीक शिटी. मग बटण फिरल्याची कुरकुर. पुन्हा फट्. मला वाटलं, इतक्या लवकर कोण गिऱ्हाईक आलं? मी पडदा जरासा बाजूला केला.

स्टूल रिकामं होतं. भावजी त्याच्याकडे बघत होते, कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत होते, पॉवर फिरवत होते. पडद्यावर राखाडी भिंत आणि लाकडाचं स्टूल, दुसरं काही नाही. तरी ते मान हलवायचे, "अजून नाही," म्हणायचे, आणि कुरकुर करून बटण फिरवायचे. शेवटी त्यांनी ते केसभर फिरवलं. मग रिकाम्या स्टुलाकडे बघून, रोजच्या आवाजात म्हणाले, "झालं." आणि थांबले. 'ऊठ' म्हणाले नाहीत.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. ठेवणाऱ्यांना चार शब्द सुनावतेसुद्धा. पण त्या सकाळी मी पडदा सोडला आणि खुर्चीत बसले तेव्हा माझ्या दंडावर काटा उभा होता. तो दुपारपर्यंत गेला नाही.

त्यांनी बटणावर चिकटपट्टी लावली. पॉवर आता ताईच्या मापावर पक्की. गोरा येवो, काळा येवो, तान्हं मूल येवो, सगळ्यांवर तोच उजेड. म्हणून बाई पिठात पडल्या होत्या. कापडदुकानाचा मालक आला, त्याचा कुटुंबासकट चुना झाला. तो पडद्यावर बघून म्हणाला, "अहो, पॉवर जरा जास्त होतेय का?"

भावजी शांतपणे म्हणाले, "पॉवर बरोबर आहे. चेहरा चुकीचा आहे."

मालकाने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. भावजी चेष्टा करत नव्हते. इतकी वर्षं ज्या मापावर ताईचा फोटो काढायचा राहून गेला, ते माप त्यांनी आता नेमकं लावून ठेवलं होतं, आणि ते वाट बघत होते. ताईने फक्त येऊन बसायचं बाकी होतं.

मी असल्या गोष्टी चालू देणारी बाई नाही. एक दिवस भावजी बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत होते तेव्हा मी आत गेले, पट्टी सोडवली, बटण चांगलं पाव पॉवरपर्यंत खाली आणलं आणि पट्टी पुन्हा लावून टाकली. म्हटलं, होऊ दे यांच्या नकळत. मग काळ्या पडद्याआड उभी राहिले. गिऱ्हाईक बसलं, गोरापान, टक्कल पडलेला गृहस्थ. "हनुवटी खाली. अजून." फट्.

पडद्यावर तोच चुना. जसाच्या तसा. टक्कल आणि भिंत एक झालेली.

बटण मी माझ्या हाताने खाली आणलं होतं. पावाचा आकडा मी डोळ्यांनी पाहिला होता. आणि उजेड ताईचाच पडला होता. मी मागच्या खोलीत आले आणि पहिल्यांदा, मोठ्याने नाही पण शब्द उच्चारून, म्हटलं, "ताई, तू आहेस का गं?" पलीकडे भावजींनी बटण पाहिलं असणार, कारण पट्टी सोलल्याचा आवाज आला, मग कुरकुर, मग पट्टी पुन्हा दाबून बसवल्याचा. मला ते एक शब्द बोलले नाहीत. मीही पुन्हा त्या बटणाला हात लावला नाही.

मग मी भाचीला फोन केला. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते. म्हटलं, "बापाला बघून जा." ती म्हणाली, "बरे नाहीत का?" मी म्हटलं, "तब्येत ठणठणीत आहे. तू ये."

ती आली. भाची रंगाने बापावर गेलेली, दुधासारखी गोरी. उजव्या गालावर एक तीळ, आणि भुवईजवळ लहानपणी पायरीवर आपटल्याची खूण. मी तिला सगळं सांगितलं, रिकाम्या स्टुलाचंसुद्धा. ती उठून काळ्या पडद्याच्या पलीकडे गेली आणि म्हणाली, "बाबा, माझा फोटो काढा ना."

"बस," भावजी म्हणाले. ती स्टुलावर बसली. "हनुवटी खाली." फट्.

पडद्यावर तिचं कपाळ गेलं, गाल गेले, तीळ गेला, भुवईजवळची खूण गेली. सगळ्या पांढऱ्यात उरले ते दोन डोळे आणि ओठांची रेघ. भावजी पडद्याजवळ गेले, आणखी जवळ गेले, आणि त्यांच्या तोंडून श्वासासारखं निघालं, "आली."

मी पाहिलं, आणि मलाही तीच दिसली. कारण डोळे ताईचे होते. ओठ ताईचे होते. पोरीतलं जे जे बापाचं होतं आणि जे तिचं स्वतःचं होतं ते उजेडाने खाऊन टाकलं होतं, आणि उरली होती ती आई.

"पुन्हा," भावजी म्हणाले. "जरा रागावल्यासारखं बघ. असं नाही. कुणीतरी तुला बसवून ठेवलंय आणि तुला घरात कामं पडलीत, तसं." भाचीने तसं पाहिलं. फट्. "भुवई वर. हां." फट्. प्रत्येक फोटोत ताई आणखी जवळ येत होती. त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांत पहिल्यांदा रंग आला होता. मी हे थांबवायला पोरीला बोलावलं होतं, आणि आता काळा पडदा मुठीत धरून मीच मनात म्हणत होते, अजून एक, अजून एकच काढा.

भाची उठली. डोळे चोळत फोटोच्या पडद्यापाशी आली आणि बघत राहिली. तिला कळायला वेळ लागला नाही. तिचीही आईच होती ती. तिने हळूच बोट लावलं, पडद्यावरच्या पांढऱ्या गालावर.

"बाबा, माझा तीळ कुठंय?"

तिने बोट भुवईकडे सरकवलं.

"इथे लागलं होतं मला. तुम्हीच उचलून दवाखान्यात नेलं होतंत ना? ते कुठंय?" तिचा आवाज चढला नाही, हेच मला सहन होईना. "बाबा, ह्यात मी नाहीये. आई गेली. मी पण जाऊ का?"

मग भावजी दिव्याच्या मागे गेले. त्यांनी नखाने पट्टीचं टोक उचकटलं, पट्टी सोलून काढली आणि बटण खाली आणलं. अर्धी. पाव. पावाच्याही खाली. भाची पुन्हा स्टुलावर बसायला गेली तर ते एकदम ओरडले, "थांब! बसू नकोस."

"का?"

"हा दिवा जुना आहे, बाळा. पॉवर खाली आणली तरी आधीचं आत साठलेलं असतं. पहिला फ्लॅश जुन्याच पॉवरचा पडतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे त्या दिवशीचं टक्कल त्यांनी मला आता समजावून सांगितलं. "तो आधी मोकळा सोडावा लागतो. नाहीतर पुढच्याच्या तोंडावर जातो."

मी भाचीला माझ्याजवळ ओढून घेतलं. भावजी स्टुलासमोर उभे राहिले, दिव्याच्या फ्लॅश सोडायच्या छोट्या बटणावर अंगठा. कॅमेऱ्याला त्यांनी हात लावला नाही. नुसता अंगठा टेकवून ते उभे. काय एवढं? एक फ्लॅश फुकट घालवायचा, रोजचं काम. पण तो उजेड एकदा बाहेर पडला की त्या मापाचा उजेड दिव्यात उरणार नव्हता. त्यांचे ओठ हलले. काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, आणि ते माझ्यासाठी नव्हतंच.

फट्.

मी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांत स्टूल हिरवं होऊन तरंगत राहिलं. त्याच्यावर कुणी आहे का ते मी पाहिलं. हो, मी पाहिलं. मला कुणी हसायचं असेल तर हसा. स्टूल रिकामं होतं, आणि हळूहळू तेही विझलं.

मग भावजींनी मुलीला बसवलं. स्वतः तिच्या चेहऱ्याकडे बघून बटण फिरवलं, कुणाच्या मापावरून नाही. एक फोटो जरा काळा आला. दुसऱ्यात तीळ होता, भुवईजवळची खूण होती, बापाचं रुंद कपाळ होतं, आणि नाक जिथल्या तिथे होतं. रडून डोळे सुजलेली आमची पोरगी होती ती. ताई तिच्यात शोधूनही सापडत नव्हती. भावजी म्हणाले, "चांगला आलाय," आणि पुढे होऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला बसमध्ये बसवून आम्ही दोघं परत आलो. भावजी मागच्या खोलीच्या दारात उभे राहिले. "मेव्हणीबाई, कालचे आधीचे फोटो पुसून टाक. त्यात पोरगी नाही."

"बरं," मी म्हटलं. मला ते करायचंच होतं. इतके महिने मीच तर मनातल्या मनात ओरडत होते की हे थांबलं पाहिजे. मी फोटो उघडले आणि एकेक पुसायला लागले. एकच राहिला, तो भुवई वर केलेला. घरात कामं पडलीत आणि तुम्ही मला काय बसवून ठेवलंय, असं बघणारा. तिथे माझा हात अडला. माझ्या बहिणीचा पहिला चांगला फोटो होता तो, आणि तो तिचा नव्हता. मी भावजींना वेड्यात काढत होते, आणि आता मीच त्या पडद्यासमोर बसून ढसाढसा रडत होते. ते आत आले नाहीत, गेलेही नाहीत. भिंतीला टेकून, तोंड दुसरीकडे करून उभे राहिले.

"तुम्ही पुसा," मी म्हटलं.

"मला नाही जमणार गं."

मग मीच बटण दाबलं. पडद्यावर काही आवाज होत नाही, काही शिटी वाजत नाही. होतं, आणि नसतं. भावजींनी भिंतीकडे बघतच विचारलं, "गेली?"

ताईला जाऊन इतके महिने झाले होते. आम्हा दोघांना एकमेकांसमोर तो शब्द काढता आला नव्हता.

"हो, भावजी," मी म्हटलं. "गेली."